फेब्रुवारी ओळखणारे घड्याळ

मनगटी घड्याळाच्या तबकडीवर तारखेची खिडकी असणे ही आता कौतुकाची गोष्ट राहिलेली नाही. पण ही खिडकी स्वभावाने भारी भोळी. प्रत्येक महिना एकतीस दिवसांचा, एवढेच तिला शिकवलेले असते. नोव्हेंबर संपला तरी ती निर्विकारपणे ३१ चा आकडा पुढे करते आणि एखादे विसरभोळे प्राध्यापक हजेरीपटावर '३१ नोव्हेंबर' अशी जगात नसलेली तारीख घालून मोकळे होतात. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर हे पाच महिने संपले की किल्ली ओढून तारीख पुढे सरकवायची, हा साध्या तारीखवाल्या घड्याळाचा वार्षिक नेम.

या नेमातून सुटका करणाऱ्या घड्याळाला पर्पेच्युअल कॅलेंडर म्हणतात. तीसचा महिना कोणता, अठ्ठावीसचा कोणता आणि एकोणतीसचा फेब्रुवारी कोणत्या वर्षी, हे त्याला आपोआप कळते. अलीकडे हे नाव आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी वारंवार येते. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याला घड्याळातले सर्व कळते असा एक समज असल्यामुळे 'सर, कोणते घ्यावे?' असे विचारणारे दोघे-तिघे वर्षाकाठी मला भेटतात. तेव्हा माझे मत प्रारंभीच सांगून टाकतो. फेब्रुवारी ओळखण्याची अक्कल पाच हजार रुपयांच्या आत मिळते. त्यापुढे आपण जे मोजतो ते कारागिरीचे मोल असते. आणि कारागिरी कितीही थोर असली तरी ती कर्ज काढून मनगटावर बांधण्याची वस्तू नव्हे.

पण निवड करण्याआधी ही अक्कल यंत्रात शिरते कशी, ते पाहू. लहानपणी आपण सर्वांनीच मूठ वळून महिने मोजले आहेत. उंचवटा आला की एकतीस, खळगा आला की तीस, आणि पहिला खळगा तेवढा फेब्रुवारीचा. परंपरागत यांत्रिक पर्पेच्युअल कॅलेंडरच्या पोटात ही मूठच पितळ-पोलादात कोरलेली असते. एक चकती असते. ती चार वर्षांत एक फेरा पुरा करते. तिच्या कडेवर चार वर्षांचे अठ्ठेचाळीस महिने मांडलेले. अठ्ठावीस जागी कड पूर्ण उंच, ते एकतीसचे महिने. सोळा जागी उथळ खाच, ते तीसचे. उरलेल्या चार जागा फेब्रुवारीच्या. त्यांतील तीन सर्वांत खोल आणि चौथी, म्हणजे लीप वर्षाची, त्याहून किंचित उथळ. एक तरफ आपले नाक या कडेला लावून महिना चाचपत असते. नाक जितके खोल उतरेल तितके जास्त दिवस तारखेचे चक्र महिनाअखेरीस पुढे ढकलले जाते. एकूण १,४६१ दिवसांची स्मृती, आणि तिच्यात विजेचा अंशही नाही! काही घड्याळांत बारा महिन्यांचीच चकती ठेवून फेब्रुवारीच्या जागी स्वतंत्र फिरणारा छोटा तुकडा बसवतात, तत्त्व तेच.

थॉमस मज या इंग्रज घड्याळजीने १७६२ च्या सुमारास असे खिशातले घड्याळ घडवले. मनगटावर यायला त्याला दीडशेहून अधिक वर्षे लागली. पाटेक फिलिप या स्विस कंपनीने १९२५ साली पहिले मनगटी पर्पेच्युअल कॅलेंडर घडवले. गंमत अशी की, त्याचे यंत्र १८९८ मध्ये बायकांच्या गळ्यातल्या लोलकासाठी बनवलेले होते. गिऱ्हाईक मिळेना म्हणून ते पडून राहिले होते.

आता 'पर्पेच्युअल' या शब्दाबद्दल. त्याचा अर्थ शाश्वत, निरंतर. व्यापारी भाषेत शब्द जरा सैल सुटतात, त्यातलाच हा प्रकार. चार वर्षांची चकती चारच्या पाढ्यापलीकडे जाणत नाही. परंतु ग्रेगरीय पंचांगाचा नियम असा, की शतकाच्या वर्षाला चारशेने भाग गेला तरच ते लीप. २००० ला भाग गेला म्हणून कोणाला काही कळले नाही. २१०० ला जात नाही. त्या वर्षी २८ फेब्रुवारीच्या दुसऱ्या दिवशी जगात १ मार्च असेल आणि बहुतेक सगळी 'शाश्वत' घड्याळे २९ दाखवत बसतील. आज अठरा वर्षांचा असलेला आमचा विद्यार्थी तोवर नव्वदी ओलांडून गेलेला असेल, तेव्हा यासाठी कोणी घड्याळ नाकारावे असे मी म्हणत नाही. शब्दाची किंमत मोजताना शब्दाची मुदत ठाऊक असावी, इतकेच.

इथे आपल्या पंचांगाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. या अंकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांचे वाचक गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी करतात. शक तोच, चैत्रही तोच. सोलापूरचे दाते पंचांग घ्या की म्हैसूरचे ओंटिकोप्पल पंचांग, ते कोणीही 'शाश्वत' म्हणून विकत नाही. दरवर्षी नवे गणित, दरवर्षी नवी प्रत. कारण तिथी कधी एकोणीस-वीस तासांत आटोपते, कधी सव्वीस तासांहून थोडी अधिक रेंगाळते. एखादीचा क्षय, एखादीची वृद्धी. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात; २०२३ मध्ये श्रावण अधिक, २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक. आणि क्वचित एखादा महिनाच गळून पडतो, जसा १९६३-६४ आणि १९८२-८३ मध्ये गळला. ही तऱ्हा चकतीच्या खाचांत कोंबणे किती कठीण, हे ज्याला दातेरी चक्रांचे गणित येते त्यालाच कळेल. तरी प्रयत्न होतात. ब्लांपां कंपनीने २०१२ मध्ये चिनी चांद्र पंचांगाचे घड्याळ केले, पार्मिजियानीने २०२० मध्ये हिजरी सनाचे. उलट १९५७ साली आपल्या सरकारने मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून जे राष्ट्रीय सौर पंचांग स्वीकारले ते यंत्राला अगदी सोयीचे आहे: चैत्र तीसचा, लीप वर्षी एकतीसचा, पुढचे पाच महिने एकतीसचे, मग सलग सहा तीसचे. मुठीचीदेखील गरज नाही. आकाशवाणीवर त्याची तारीख ऐकण्यापलीकडे आपण त्याचे काही केले नाही, हा भाग निराळा.

असो. मूळ मुद्द्याकडे वळू. सायको कंपनीचे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ १९६९ च्या डिसेंबरात बाजारात आले. कॅसिओने १९७४ साली आपले पहिलेच घड्याळ काढले, ते महिना तीसचा की एकतीसचा हे आपले आपण ओळखणारे. ज्या ज्ञानासाठी स्विस घड्याळजी महिनोन् महिने कानस चालवीत, ते ज्ञान आता डोळ्याला न दिसणाऱ्या तारांत बसले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या घड्याळ-कामगारांची संख्या सुमारे एकतृतीयांशावर आली. आणि नेमक्या त्याच काळात, म्हणजे १९७८ मध्ये ओदमार पिगे कंपनीने आणि १९८५ मध्ये आय.डब्ल्यू.सी.ने, यांत्रिक पर्पेच्युअल कॅलेंडर पुन्हा जोमाने पुढे आणले. मला याचा अर्थ स्वच्छ दिसतो. उपयोग चिपने पळवल्यावर दात्यांकडे उरले ते सौंदर्य. आणि सौंदर्याची किंमत उपयोगावरून ठरत नाही.

म्हणून ज्याला नुसता उपयोग हवा आहे त्याने डिजिटल घड्याळ घ्यावे. पण त्यातही डोळे उघडे हवेत. कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे १९८९ पासून जगभर खपणारे स्वस्त घड्याळ. निम्म्या वसतिगृहाच्या हातात दिसते. घड्याळ गुणी आहे, पण त्याचा फेब्रुवारी कायम अठ्ठावीसचा. त्याला वर्ष सांगण्याची सोयच नाही. २९ फेब्रुवारीला ते बेधडक १ तारीख दाखवते. त्याच कंपनीच्या ज्या घड्याळांवर 'फुल ऑटो कॅलेंडर' असे लिहिलेले असते त्यांना २०९९ पर्यंतचे कॅलेंडर पाठ असते, आणि तशी घड्याळे पाच हजारांच्या आत मिळतात. विद्यार्थ्याने याहून जास्त खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. मोबाइल आहे की, असे कोणी म्हणेल. आहे, पण परीक्षेच्या हॉलमध्ये तो दाराबाहेर ठेवावा लागतो. काही परीक्षांत घड्याळही बाहेरच राहते, त्याला इलाज नाही.

नुकत्याच कायम झालेल्या अध्यापकाला काटे हवेत, तबकडी हवी, आणि तारखेची कटकट नको. त्याने सिटिझनचे प्रकाशावर चालणारे इको-ड्राइव्ह किंवा सायकोचे क्वार्ट्झ पर्पेच्युअल पाहावे. तीस-चाळीस हजारांच्या आसपास काम होते. माझ्या मते पैशाला सर्वांत जागणारा प्रकार हाच. प्रकाशावर चालणाऱ्याला माझे झुकते माप आहे आणि त्याला कारण आहे. सेलवर चालणाऱ्या पर्पेच्युअलचा सेल बदलला की त्याची स्मृती जाते. वर्ष, महिना, तारीख सगळे पुन्हा शिकवावे लागते. कोपऱ्यावरचा दुकानदार सेल घालून, काटे जुळवून घड्याळ हातात ठेवतो. महिनाअखेर आली की घड्याळ भलतेच बोलू लागते आणि दोष मात्र कंपनीच्या माथी जातो. ओरिएंटची 'मल्टी-इयर कॅलेंडर' घड्याळे काही विक्रेते पर्पेच्युअल म्हणून खपवतात. त्यांच्या तबकडीवर वर्ष आणि महिना हाताने जुळवून वार वाचण्याचा तक्ता असतो. तक्ता छान आहे, पण फेब्रुवारी तुम्हालाच ओळखावा लागतो.

ज्याला किल्लीच्या घड्याळाचाच नाद आहे, त्याच्यासाठी मधला एक जिना आहे. पाटेक फिलिपने १९९६ मध्ये ॲन्युअल कॅलेंडर नावाचा प्रकार आणला. त्याला तीस-एकतीस कळते, फेब्रुवारी मात्र कळत नाही. म्हणजे वर्षातून एकदाच, १ मार्चला, हात लावायचा. लाँजिन्सने २०१८ मध्ये हा प्रकार पुष्कळ खाली आणला; तरी दोन-अडीच लाख रुपये लागतातच.

आणि खरे यांत्रिक पर्पेच्युअल? फ्रेडरिक कॉन्स्टंट कंपनीने २०१६ मध्ये सुमारे आठ हजार युरोला ते विकायला काढले तेव्हा साऱ्या व्यवसायाने भुवया उंचावल्या; इतके स्वस्त कसे, म्हणून! आजच्या दराने हे आठ लाखांच्या घरात जाते. पाटेक फिलिपचे घ्यायचे तर पाऊण कोटीच्या पुढे. बेंगळुरूला नोकरी करणारा आमचा एक माजी विद्यार्थी गेल्या वर्षी हे आठ लाखांचे प्रकरण हप्त्यावर घ्यायला निघाला होता. वडिलांनी त्याच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज अजून फिटायचे होते. त्याने माझे मत विचारले. मी त्याला एक त्रैराशिक घातले. साध्या घड्याळात वर्षाला पाच दुरुस्त्या. चाळीस वर्षांत दोनशे. प्रत्येकीला अर्धे मिनिट धरले तर एकूण शंभर मिनिटे. शंभर मिनिटे वाचवण्यासाठी आठ लाख आणि वर व्याज.

तो म्हणाला, 'सर, वेळ वाचवायला कोण घेतो? ती चकती माझ्या हातावर फिरते आहे, एवढेच मला हवे.' उत्तर प्रामाणिक होते आणि मला ते आवडले. त्यावर मी त्याला पुढचे सांगितले. त्या घड्याळाला अडतीस तासांची दमछाक. शनिवार-रविवार काढून ठेवले की सोमवारी बंद. बंद पडले की तारीख, वार, महिना, लीप वर्ष आणि चंद्र, सगळे बारीक टोकाने दाबून जुळवायचे. तेही रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान नाही, कारण तेव्हा तारीख बदलणारे दाते एकमेकांत गुंतलेले असतात आणि दाबले तर मोडतात. पाच-सात वर्षांनी साफसफाई करायची तर खडेबाजारातले आमचे घड्याळजी झाकण उघडायला तयार होणार नाहीत. त्यांचे हात एच.एम.टी.वर तयार झालेले. १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बेंगळुरूत सुरू झालेला तो कारखाना सरकारने २०१६ मध्ये बंद करायचे ठरवले, आणि त्या घड्याळांवर शिकलेली पिढीही आता दुकानाच्या फळ्या आवरते आहे. म्हणजे घड्याळ कंपनीकडेच पाठवायचे, महिनेन् महिने वाट पाहायची आणि ती सांगेल ते बिल भरायचे. वडिलांचे कर्ज आधी फेडावे, चकती पळून जात नाही, असे मी त्याला स्पष्ट सांगितले. त्याने तूर्त बेत पुढे ढकलला आहे. चाळिशीत स्वतःच्या शिलकीतून त्याने ते घेतले तर मी आनंदाने त्याच्या मनगटावर वाकून पाहीन.

चंद्राचे नाव वर निघाले, त्याचेही थोडे. अनेक घड्याळांत चंद्रकलेचे चक्र एकोणसाठ दात्यांचे असते. म्हणजे चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. खरा असतो तो २९.५३ दिवसांचा. या फरकामुळे पावणेतीन वर्षांच्या आतच एक दिवस चुकतो. एकशे पस्तीस दात्यांचे चक्र असले तर हीच चूक व्हायला सुमारे एकशे बावीस वर्षे लागतात. संकष्टीचा चंद्रोदय मात्र दोघांनाही सांगता येत नाही. त्यासाठी भिंतीवरचे कॅलेंडरच पाहावे.

दुकानात गेल्यावर करायची एक परीक्षा सांगतो; डिजिटल घड्याळ असेल तर ती काउंटरवर दोन मिनिटांत होते. २८ फेब्रुवारी २०२७, रात्रीचे अकरा एकोणसाठ लावा आणि थांबा. १ मार्च आला पाहिजे. मग वर्ष २०२८ करून पुन्हा तेच करा. आता २९ फेब्रुवारी आला पाहिजे. वर्ष घालण्याची सोयच नसेल तर परीक्षा तिथेच संपली. दुकानदार थोडा कावतो, मागचे गिऱ्हाईक खोकते, पण दोन मिनिटे ते घड्याळ हातातून खाली ठेवू नये.