बाळाचा पासपोर्ट कुणाकडे आहे?

'मुलगा अमेरिकेत आहे,' हे वाक्य आता आपल्या शहादा-नंदुरबारकडच्या लग्नाच्या बोलण्यांतही कानावर येतं. पत्रिका, मानपान, व्हिसा, सगळ्याची चौकशी होते. पण उद्या या दोघांचं पटलं नाही तर लेकरू कुठे राहणार, हे विचारायला कुणाची जीभ रेटत नाही. शुभकार्यात असं अभद्र बोलायचं कसं?

आणि पटेनासं झालं की पहिला फोन माहेरीच येतो. "आई, बाळाला घेऊन निघून येऊ का?" "ये गं बाई, घर तुझंच आहे," आपण पटकन म्हणतो. मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच, की तिला आधी विचारा: तिथल्या वकिलाशी बोललीस का?

कारण आपण ज्याला माहेरी येणं म्हणतो, त्याला तिकडचा कायदा मूल पळवणं म्हणू शकतो. दुसऱ्या पालकाचा हक्क डावलून मुलाला देशाबाहेर नेलं तर अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आई असो की बाप. मारहाणीमुळे पळून आले, असा बचाव घेता येतो, पण तो कोर्टात सिद्ध करावा लागतो.

बापही असं करतात बरं का! पुण्याशी जोडलेला दिनशॉ खटला बघा. आई अमेरिकन, वडील भारतीय. मिशिगनमधल्या कोर्टाने १९८२ मध्ये घटस्फोट देताना मुलाचा ताबा आईला दिला, वडिलांना भेटीचा हक्क दिला. जानेवारी १९८६ मध्ये त्या भेटीचाच फायदा घेऊन वडिलांनी मुलाला गुपचूप भारतात आणलं आणि पुण्याला आजी-आजोबांकडे ठेवलं. आई सर्वोच्च न्यायालयात गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने मुलाला तिच्या हवाली केलं. दहा महिने! सात-आठ वर्षांच्या पोराची शाळा, आई, घर सगळं एका दिवसात सुटलं होतं.

प्रत्येक निकाल असाच लागतो असं नाही. २०१७ मध्ये इंग्लंडहून आणलेल्या एका मुलीला परत पाठवायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, ती आईजवळ राहिली. २०१९ मध्ये मात्र आईने अमेरिकेहून हैदराबादला आणलेल्या दोन मुलांना परत न्यायचा आदेश कायम केला. मुलाचं हित कशात, हे न्यायालय दर वेळी नव्याने तपासतं. म्हणजे भारतात पोहोचले की सुटले, हा भरवसा नाही.

पळवलेलं मूल लवकर परत मिळावं म्हणून १९८० चा हेग करार आहे. भारत त्यात नाही. छळातून सुटून आलेल्या बायकांना पुन्हा तिथेच धाडलं जाईल, ही भीती त्यामागे आहे आणि ती मला खोटी वाटत नाही. पण करार नको तर आपला स्वतःचा कायदा तरी हवा ना! विधी आयोगाने २०१६ मध्ये मसुदा दिला, तो काही कायदा झाला नाही. या दिरंगाईचा त्रास शेवटी लेकरालाच.

म्हणून जे करायचं ते विमानात बसण्याआधी. मार खाणाऱ्या मुलीने गप्प राहावं असं मी मुळीच म्हणत नाही. तिने तिथल्या पोलिसांत तक्रार करावी, डॉक्टरांचे कागद जपावेत, भारतीय वकिलातीला कळवावं आणि मुलाला घेऊन भारतात राहायची परवानगी कोर्टाकडेच मागावी. उशीर लागेल, पण हातात आदेश असेल.

आणि नवराच मूल घेऊन जाईल अशी धास्ती असेल तर? मुलाला देशाबाहेर नेऊ नये आणि त्याचा पासपोर्ट कोर्टात जमा व्हावा, असा आदेश मागता येतो. तो मिळाला की त्याची प्रत लगेच पासपोर्ट कार्यालयाला द्या. आपल्याकडे लहान मुलाच्या पासपोर्टला एरवी दोन्ही पालकांची संमती लागते, तेव्हा समोर आलेल्या कागदावर न वाचता सही करू नका. मूल नेलंच, तर आपल्या जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ आहे.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. मुलाचा जन्मदाखला, पासपोर्ट आणि कोर्टाचे कागद यांची एकेक झेरॉक्स माहेरच्या कपाटात आजच ठेवून द्या.