हसणं सोपं असतं

परवा आंबोलीत आमच्या बचत गटाची बैठक होती. बाहेर धो धो पाऊस, पत्र्यावर नुसता ताशा वाजत होता. आतल्या खोलीत मैत्रिणीचा मुलगा खिडकीला गोधडी लावून, मोबाईलवर स्वतःचं गाणं रेकॉर्ड करत बसला होता. "ह्येच्यान प्वाट भरतला काय?" आजी करवादली. आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले. पोरानं गिटार भिंतीला टेकवली नि तो उठून गेला.

घरी येताना ते हसणं मला टोचत राहिलं आणि रेमो फर्नांडिस आठवले. आपला घाट उतरून सावंतवाडी, बांदा ओलांडलं की गोवा. तिथल्या बार्देश तालुक्यातल्या शिवोलीचे हे गायक. १९८७ च्या 'जलवा' चित्रपटातल्या गाण्यानं ते घराघरांत पोचले, २००७ साली पद्मश्रीही मिळाली. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याआधीचं काय?

मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुशास्त्र शिकलेल्या या तरुणाला गाण्याचंच वेड. मुंबईतल्या रेकॉर्ड कंपन्यांनी नकार दिला. मग शिवोलीच्या घरातच, चार ट्रॅकच्या लहानशा कॅसेट यंत्रावर त्यांनी काम सुरू केलं. आधी एक वाद्य वाजवायचं, मग ते ऐकत त्यावर दुसरं, मग आवाज. सगळं स्वतःच. १९८४ साली 'गोवन क्रेझी' ही कॅसेट अशी तयार झाली. मुखपृष्ठ त्यांनीच केलं आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेटही त्यांनीच पोचवल्या. अशा घरगुती, थोड्या खरखरीच्या ध्वनिमुद्रणाला आता 'लो-फाय' म्हणतात आणि जगभरातली तरुण मुलं ते आवडीनं ऐकतात.

मैत्रिणींनो, प्रत्येक मुलगा रेमो होणार नाही, हे मलाही कळतं. आजीची काळजी खोटी नाही. शिक्षण पुरं करच, असं आपण जरूर सांगावं. रेमोंनीही पदवी घेतली होतीच. पण त्यासाठी घरातला कोपरा कशाला काढून घ्यायचा? पहिली पोळी कुणाची गोल होते? ती आपण हसत खातोच ना!

आणि हो, त्या खोलीत मुलगी असती तर? दार लावून दोन तास बसायला तिला मिळाले असते? की "आधी भाकऱ्या थाप" म्हणून आपणच हाक मारली असती? खरं सांगा.

कंपनीचा नकार माणूस पचवतो. घरातलं हसणं मात्र आत जाऊन बसतं. पुढच्या बैठकीला मी अर्धा तास आधी जाणार आहे. त्याला म्हणणार आहे, "बाबा रे, तुझं गाणं ऐकव." पाऊस असला तरी.