दोन नातू

लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी ठेवणीतले चांदीचे रुपये बाहेर निघतात. चिंचेच्या कोळाने ते घासायचे काम माझ्या दोन नातवांकडे. गेल्या वर्षी धाकट्याने रुपयावरचे डोके न्याहाळीत विचारले, "आजोबा, हा राजा एकटाच का? ह्याला नातू नव्हते?"

मला ऑगस्टस आठवला. वाचकहो, रोमच्या ह्या पहिल्या बादशहाला मुलगा नव्हता; एकुलती एक लेक, ज्यूलिया. तिचे गायस आणि ल्यूशियस हे दोन मुलगे त्याने इ. स. पूर्व १७ मध्ये दत्तक घेतले. विधी मोठा गमतीचा! तराजू पुढे ठेवून, जावयाला एक पैसा देऊन, मुले 'विकत' घ्यायची. मग आजोबांनी त्यांना स्वतः अक्षरे शिकविली. पोरांचे अक्षर आपल्यासारखे वळावे, हा त्याचा ध्यास. जेवताना दोघे जवळ हवेतच.

इ. स. पूर्व २ च्या सुमारास लुग्दुनम येथे, म्हणजे आजच्या फ्रान्समधील लियाँ शहरी, त्याने चांदीची नाणी पाडली. वजन जेमतेम पावणेचार ग्रॅम. एका बाजूला आपण, दुसऱ्या बाजूला टोगा नेसलेले दोघे भाऊ. मध्ये ढाली आणि भाले.

त्रेसष्टावे वर्ष म्हाताऱ्यांना घातक, अशी रोमन समजूत. ते सुखरूप पार पडताच, इ. स. १ मध्ये, त्याने पूर्वेकडे गेलेल्या गायसला पत्र लिहिले. आपल्या मागे दोघांनी आपली जागा घ्यावी, ही त्यात आशा. आणि संबोधन काय, तर लाडके गाढव! आपल्याकडेही माया अनावर झाली, की आजोबांच्या तोंडी हाच प्राणी येतो.

घात म्हाताऱ्याचा टळला, पोरांचा नाही. इ. स. २ मध्ये ल्यूशियस मार्सेय येथे वारला. दीड वर्षाने, इ. स. ४ मध्ये, आर्मेनियात जखमी झालेला गायस घरी परतताना वाटेतच गेला. नाइलाजाने सावत्र मुलगा टायबेरियस वारस झाला. आणि मृत्युपत्राच्या आरंभीच म्हाताऱ्याने नोंदविले, की दैवाने माझी ती दोन मुले नेली, म्हणून हा.

नाणी मात्र केव्हाच दूर निघाली होती. मिऱ्यांच्या व्यापारात ती आपल्या दक्षिणेत आली. कोइमतूरकडे जमिनीत रोमन चांदीचे साठे सापडले, त्यांत ह्या दोन भावांची आणि टायबेरियसची नाणीच अधिक. सिंहासनावर जे एकत्र आले नाहीत, ते एका मडक्यात शेजारी निजले होते.

ही हकीकत मी धाकट्याला नाण्यापर्यंतच सांगितली.

"मग ते दोघे राजे झाले?" त्याने विचारले.

मी पंचा त्याच्यापुढे सरकवला. म्हटले, "गाढवा, आधी तो रुपया नीट पूस."