पाणिनीचा अभिमान आणि आमचा आळस

देवस्थानच्या उत्सवात कीर्तनाच्या जोडीला व्याख्यान ठेवण्याची आमची प्रथा जुनी आहे आणि ती चांगली आहे. परंतु गेली कित्येक वर्षे ह्या व्यासपीठांवरून एक वाक्य इतक्या वेळा उच्चारले जात आहे की, ते कानी न पडता उत्सव पार पडला तर श्रोत्यांस तो अपुराच वाटावा. 'संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा होय, आणि हे अमेरिकेच्या नासा संस्थेने मान्य केले आहे,' हे ते वाक्य. वक्ता ते उच्चारतो, सभामंडप टाळ्यांनी दुमदुमतो, आणि मंडळी प्रसाद घेऊन घरी जातात. कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला झाल्यापासून तर ह्या वाक्यास नवे तेज चढले आहे. आम्हांस आज त्याच्याविरुद्ध स्पष्ट बोलावयाचे आहे. ते खरे नाही एवढाच त्याचा दोष असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. ते आम्हांस निष्क्रिय करीत आहे, हा त्याचा मोठा दोष होय.

मूळ हकीगत अशी आहे. नासाच्या कॅलिफोर्नियातील एम्स संशोधन केंद्राशी संबंधित असलेल्या रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाने १९८५ साली कृत्रिम बुद्धिमत्तेस वाहिलेल्या एका अमेरिकन नियतकालिकात एक लेख लिहिला. वाक्याचा अर्थ यंत्रास कळावा म्हणून त्यातील पदांचे परस्परसंबंध जाळ्यासारखे मांडण्याची रीत त्या काळच्या संशोधकांत रूढ होती. संस्कृत वैयाकरणांची वाक्यार्थ उलगडण्याची पद्धती ह्या रीतीशी जुळते, असे त्याचे प्रतिपादन होते. ते कसे, हे समजण्यास फार विद्वत्ता नको. 'यजमान देवळात आपल्या हाताने तबकातून भटजींना दक्षिणा देतो,' हे वाक्य घ्या. यजमान कर्ता, दक्षिणा कर्म, हात करण, भटजी संप्रदान, तबक अपादान आणि देऊळ अधिकरण. देण्याची एक क्रिया मध्यभागी, आणि सहा कारके तिला सहा दोऱ्यांनी बांधलेली. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत जी व्यवस्था लावली, तिच्यातील हा एक विभाग आहे, आणि तो पाहून आजच्या शास्त्रज्ञाने आश्चर्यचकित व्हावे, हे योग्यच आहे.

परंतु तो एका संशोधकाचा लेख होता. नासाने संस्कृतास प्रमाणपत्र दिलेले नाही, आणि तिची याने संस्कृत बोलत आकाशात जात नाहीत. खोट्या दागिन्याने अंग सजविणाऱ्यास घरातील खऱ्या सोन्याची पारख राहत नाही. आमचे तसेच झाले आहे.

खरे सोने आमच्याच विद्यापीठांत होते. कानपूरच्या आयआयटीत विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी पाणिनीच्या कारकविचाराचा उपयोग करून भारतीय भाषा यंत्राने उलगडण्याचा मार्ग आखला. 'अक्षर भारती' ह्या सामुदायिक नावासह त्यांचा ग्रंथ १९९५ साली प्रसिद्ध झाला. हैदराबाद विद्यापीठाच्या संस्कृत अध्ययन विभागात अंबा कुलकर्णी ह्यांच्या मार्गदर्शनाखाली संधी सोडविणारी, पदांची रूपे ओळखणारी आणि वाक्यातील कारके दाखविणारी साधने तयार झाली. फ्रान्समधील झेरार ह्युए ह्यांनी हेच व्रत तिकडे घेतले. संस्कृत आणि संगणक ह्या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिसंवाद २००७ साली फ्रान्समध्ये, २००८ साली अमेरिकेत आणि जानेवारी २००९ मध्ये हैदराबाद विद्यापीठात भरला. तिथल्या चर्चा संधीचा एक जोड कोठे तोडावा, एका समासाचे किती अर्थ संभवतात, असल्या बारीक प्रश्नांच्या असतात. त्यांना टाळ्या पडत नाहीत. पण विद्या तिथे असते. हैदराबादेत पिढ्यानुपिढ्या राहणाऱ्या आमच्या किती मंडळींस आपल्या शहरात चाललेल्या ह्या कामाची वार्ता आहे? नासाचे नाव मात्र शाळेतले पोरही सांगेल.

आता ह्याहून कडू गोष्ट सांगणे भाग आहे. आज लिहिणारी आणि बोलणारी जी यंत्रे जगभर गाजत आहेत, त्यांस व्याकरणाची सूत्रे पढविलेली नसतात. त्यांच्यापुढे मजकुराच्या राशी ठेवल्या जातात, आणि कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ती यंत्रे त्या राशींतून शिकतात. म्हणजे भाषेचे व्याकरण किती निर्दोष आहे, ह्यापेक्षा तिचा मजकूर यंत्रास वाचता येईल अशा रूपात किती उपलब्ध आहे, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. मग संस्कृतच्या श्रेष्ठत्वाची द्वाही फिरवून आमच्या पदरात काय पडले?

२०११ च्या जनगणनेत संस्कृत ही मातृभाषा सांगणारे २४,८२१ लोक होते. मराठी सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख आणि कोकणी सांगणारे सुमारे २२ लाख ५६ हजार होते. ज्या भाषेत आम्ही देवाला गाऱ्हाणे घालतो, ती ही दुसरी आणि तिसरी भाषा. मद्रासच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२३ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टातील सर्व २२ भाषांसाठी भाषांतराचे यंत्र सिद्ध केले, आणि त्यांत मराठी व कोकणी दोन्ही आहेत. गोवा विद्यापीठात कोकणी शब्दांचे अर्थजाल विणण्याचे काम झाले आहे. संशोधकांनी आपले कर्तव्य केले. पण कोकणीचा मजकूर त्यांनी आणावा कोठून? तो आधीच थोडा, आणि जो आहे तो देवनागरी, रोमी, कन्नड व मल्याळम अशा लिप्यांत वाटला गेलेला. मराठी कोकणीहून संपन्न खरी. परंतु इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील दरबारांचा आणि घराण्यांचा मोडी कागद यंत्रास मुकाच आहे, आणि मोडी सहज वाचणारी पिढी आमच्या डोळ्यांदेखत ओसरत आहे.

आमचे धन दुसऱ्याने जपावे आणि आम्ही त्याचा अभिमान बाळगावा, ही आमची जुनी खोड आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते तडीस नेले. आमच्या विद्वानांच्या ह्या तपश्चर्येस तोड नाही. पण ते महाभारत संगणकात अक्षर अक्षर कोणी उतरविले? जपानमधील क्योतोचे प्राध्यापक मुनेओ तोकुनागा ह्यांनी. आणि ते तपासून सुधारले केंब्रिजच्या जॉन स्मिथ ह्यांनी. त्याही मागे जा. सोळाव्या शतकात गोव्यातील जेझुइट पाद्र्यांनी आमची भाषा आणि श्रद्धा जाणून घेण्यासाठी रामायण-महाभारताच्या कोकणी व मराठी कथा रोमी लिपीत उतरवून घेतल्या. हेतू त्यांच्या धर्मप्रसाराचा होता. परंतु ती हस्तलिखिते आज पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात सुरक्षित आहेत. आमच्या घरांतील त्या काळच्या पोथ्या कोठे आहेत, हे आम्ही कोणास विचारावे?

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आमच्या पोथ्या आणि आमचे शब्द परक्या कंपन्यांच्या यंत्रांस का खाऊ घालावे? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. मालकी सोडून काहीच देऊ नये, आणि कोणाच्या घरचा कागद त्याच्या संमतीवाचून घेऊ नये. पण ज्याने आपल्या धनाची यादीसुद्धा केलेली नाही, तो अटी कोणत्या घालणार? विद्यापीठाशी लेखी करार करून, आपल्या अटींवर, आपल्या नावानिशी संग्रह उभा करणे हा मार्ग मोकळा आहे. ब्रागाची कथा हेच सांगते की, आपण नोंद केली नाही तर दुसरा करतो, आणि तो ती आपल्या हेतूने करतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. त्यास उत्तर देताना आम्हांस संकोच वाटतो. कारण रोषणाई, कर्णे, कमानी आणि सत्कारांच्या शाली ह्यांवर होणारा खर्च आम्ही सर्वजण पाहतो. एका उत्सवाच्या रोषणाईतील काही भाग राखून ठेवला तरी देवस्थानच्या दप्तराची नीट छायाचित्रे निघतील. मोडी जाणणारा एखादा वृद्ध गृहस्थ आणि संगणक जाणणारी त्याची नात ह्यांस एका मेजाशी बसविले, तर महिन्याभरात कित्येक पाने वाचून व टंकून होतील. धालोची गीते, ओव्या, गाऱ्हाणी आणि पुराणिकांच्या कथा ज्यांच्या मुखी आहेत, त्यांचा आवाज ते हयात असताना नोंदवून ठेवता येईल. आणि पुढील उत्सवात व्याख्यान ठेवाल तेव्हा विद्यापीठात प्रत्यक्ष काम करणाऱ्या संशोधकास बोलवा. त्याचे भाषण थोडे रुक्ष वाटेल. तरी ते ऐका, आणि शेवटी त्यास विचारा की, आमच्याकडून तुम्हांस काय हवे आहे.

सोळाव्या शतकात संकट ओढवले तेव्हा आमच्या पूर्वजांनी मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून आणि म्हाळसा वेर्ण्याहून उचलून अंत्रुजात आणली. त्यांनी देवाच्या थोरवीवर व्याख्याने देत वेळ घालविला नाही. जे वाचवावयाचे ते खांद्यावर घेतले आणि ते नदीपार झाले. आज भाषेचे ओझे त्याहून हलके आहे, आणि पैलतीरही दूर नाही. खांदा देणार कोण, एवढाच प्रश्न आहे. आणि तो आम्ही आमच्यासह प्रत्येक देवस्थानच्या महाजनांस विचारीत आहोत.