परतीचा निर्णय दोघांचा, कसोटी मागे राहणाऱ्याची

प्रतिनिधी

अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या बैठकींत एकेकाळी मुलांची महाविद्यालये आणि घराचे हप्ते हेच विषय असत. अलीकडे त्यांची जागा दुसऱ्याच एका प्रश्नाने घेतली आहे. निवृत्तीनंतर येथेच राहायचे की पुण्या-मुंबईला, नाशिक-कोल्हापूरला परत जायचे, हा तो प्रश्न. प्रश्न जुना असला तरी तो विचारणाऱ्यांची संख्या आता मोठी आहे. अमेरिकेने १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलल्यानंतर गेलेले डॉक्टर आणि अभियंते आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यामागून संगणक क्षेत्राची मोठी लाट गेली. १९९८ साली अमेरिकेने एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजारांवरून १ लाख १५ हजारांवर नेली आणि २००० साली ती तीन वर्षांसाठी १ लाख ९५ हजार केली. त्या काळात गेलेले तिशीतले तरुण आता साठीला पोहोचले आहेत. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची शिखर संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांना जोडून ज्येष्ठांसाठी ‘उत्तररंग’ हा स्वतंत्र कार्यक्रम होऊ लागला, ही बाबही पुरेशी बोलकी आहे.

या विषयावरील चर्चा बहुधा ठरलेल्या वळणाने जाते. भारताच्या बाजूने घरकामाला मिळणारी माणसे, भाषा, नाटक-संगीत, भावंडांचा सहवास आणि डॉलरचा भाव हे मुद्दे मांडले जातात. अमेरिकेच्या बाजूने मुले-नातवंडे, स्वच्छ हवा, चालण्याजोगे पदपथ आणि चाळीस वर्षांची सवय यांचा उल्लेख होतो. हे सारे मुद्दे खरे आहेत. मात्र पती-पत्नी दोघेही हिंडते-फिरते आहेत, हे या ताळेबंदात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात परतीनंतरच्या वीस-पंचवीस वर्षांपैकी अखेरची काही वर्षे दोघांपैकी एकालाच काढावी लागतात. पत्नी सहसा वयाने लहान असते आणि स्त्रियांचे आयुर्मानही अधिक असते. त्यामुळे बहुतेक घरांत मागे राहणारी व्यक्ती ती असते. निर्णयाची खरी परीक्षा तेव्हा होते आणि नेमके त्या वेळी तो बदलणे सर्वांत अवघड झालेले असते.

मेडिकेअरचा हिशेब

पहिला पेच आरोग्यविम्याचा आहे. वयाच्या ६५व्या वर्षी मिळणारी अमेरिकेची मेडिकेअर योजना, काही मोजके अपवाद वगळता, देशाबाहेरच्या उपचारांचा खर्च देत नाही. पुण्यातील रुग्णालयाचे बिल तिच्यातून फिटणार नाही. या योजनेचा रुग्णालयातील उपचारांसाठीचा ‘भाग ए’ दहा वर्षे नोकरी करून कर भरलेल्यांना विनाहप्ता मिळतो. डॉक्टरांच्या शुल्कासाठीच्या ‘भाग बी’ला मात्र मासिक हप्ता आहे. २०२५ साली त्याचा सर्वसाधारण दर माणशी १८५ डॉलर होता. भारतात उपयोग नाही म्हणून तो घेतला नाही, तर नंतर घेताना प्रत्येक पूर्ण वर्षामागे दहा टक्के दंड लागतो आणि तो आयुष्यभर भरावा लागतो.

एखादे दांपत्य ६५व्या वर्षी परतले आणि आठ वर्षांनी एकाच्या निधनानंतर दुसऱ्याला मुलांकडे जावे लागले, असे समजू. त्याचा हप्ता ऐंशी टक्क्यांनी वाढेल. २०२५च्या दराने तो १८५ऐवजी ३३३ डॉलर होतो. शिवाय नावनोंदणीसाठी सहसा जानेवारी ते मार्च या सर्वसाधारण मुदतीची वाट पाहावी लागते. उलट परतीची वाट मोकळी ठेवायची म्हणून दोघांनी आठ वर्षे हप्ता भरत राहायचे ठरवले, तर त्याच दराने ३५ हजार डॉलरहून अधिक रक्कम न वापरलेल्या विम्यावर खर्च होते. यातला एक मार्ग निवडावा लागतोच. तो अजाणतेपणी निवडला जाऊ नये, एवढेच.

भारतातील परिस्थिती काहीशी सुधारली आहे. विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून नव्या आरोग्यविम्यासाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा काढून टाकली आणि जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. तथापि, मधुमेह किंवा हृदयविकार घेऊन सत्तरीत परतणाऱ्याला ही तीन वर्षेही मोठी आहेत. म्हणूनच विम्याची सोय परतण्याच्या काही वर्षे आधी लावणे शहाणपणाचे ठरते.

दोन पासपोर्टांचे एक घर

दुसरा पेच नागरिकत्वाचा आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्यांसाठी ‘ओसीआय’ कार्डाची सोय २००५-०६ पासून आहे. त्यावर भारतात आजन्म राहता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. अनेक मराठी घरांत एकाने अमेरिकी नागरिकत्व घेतलेले असते, तर दुसऱ्याने भावनेपोटी भारतीय पासपोर्ट आणि ग्रीनकार्ड कायम ठेवलेले असते. दोघे अमेरिकेत असेपर्यंत या फरकाने विशेष काही बिघडत नाही. भारतात परतल्यावर मात्र तो महत्त्वाचा ठरतो.

ग्रीनकार्ड हा अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना आहे. तो केवळ वर्षाकाठी एकदा नातवंडांना भेटून येण्यासाठी नाही. पुनर्प्रवेश परवाना न घेता सलग वर्षभराहून अधिक काळ बाहेर राहिल्यास तो सोडून दिल्याचे मानले जाऊ शकते. हा परवानाही अमेरिकेत असतानाच मागावा लागतो आणि सहसा जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. त्यानंतर परत जायचे, तर नागरिक असलेल्या मुलाने किंवा मुलीने आई-वडिलांसाठी नव्याने अर्ज करावा लागतो. त्याला वार्षिक कोट्याची अडचण नसली तरी कागदपत्रांत वेळ जातोच. पतीच्या निधनानंतर एकटी राहिलेली पंचाहत्तरीची स्त्री त्या काळात कोणाच्या आधाराने राहणार, याचा विचार आधी झालेला नसतो.

कराची सवलत आणि वारसाकर

करांच्या बाबतीत परतणाऱ्याला सुरुवातीला दिलासा आहे. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्याला परतल्यावर साधारण दोन, क्वचित तीन आर्थिक वर्षे ‘सामान्यतः निवासी नसलेला’ असा दर्जा मिळतो आणि त्या काळात परदेशातील उत्पन्नावर भारतात सहसा कर लागत नाही. अमेरिकी नागरिकाला मात्र जगात कोठेही राहिले तरी अमेरिकेत विवरणपत्र भरावे लागते. अमेरिकेबाहेरच्या खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात कधीही १० हजार डॉलरवर गेली, तर त्याचीही माहिती द्यावी लागते. भारतीय म्युच्युअल फंडांवरील अमेरिकी करआकारणी तर इतकी किचकट आहे की, अनेक सल्लागार अमेरिकी नागरिकांना त्यापासून दूर राहायला सांगतात.

वारसाकराचा विचार मात्र फारसा कोणी केलेला नसतो. भारतात संपत्तीवरील मृत्यूकर १९८५ साली रद्द झाला. त्यामुळे येथे वाढलेल्यांच्या ध्यानीही तो येत नाही. अमेरिकेत तो अस्तित्वात आहे. तेथील नागरिकांना २०२६ पासून दीड कोटी डॉलरपर्यंतच्या संपत्तीवर सूट आहे. याउलट ग्रीनकार्ड सोडून कायमच्या परतलेल्या भारतीय नागरिकाच्या निधनानंतर त्याच्या अमेरिकेतील घर, समभाग अशा मालमत्तेवर केवळ ६० हजार डॉलरपर्यंत सूट मिळते. त्यापुढे कराचा दर ४० टक्क्यांपर्यंत जातो. पती-पत्नीमधील वारशाला असलेली अमर्याद सवलतही मागे राहिलेला जोडीदार अमेरिकी नागरिक नसेल, तर आपोआप मिळत नाही. आयुष्यभराची बचत डॉलरमध्येच राहू द्यावी आणि आपण पुण्यात निवांत राहावे, या सर्वसाधारण योजनेला येथे मोठा धक्का बसू शकतो आणि तो मागे राहिलेल्यालाच सोसावा लागतो.

सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन अमेरिकी नागरिकाला भारतातही मिळते. पण पती-पत्नींपैकी एक गेल्यावर दोन रकमांपैकी मोठी तेवढी चालू राहते. सोसायटीचे देखभाल शुल्क, मदतनिसाचा पगार आणि औषधे यांचा खर्च मात्र निम्मा होत नाही. रात्रंदिवस सोबतीला माणूस ठेवावा लागला, तर तो वाढतोच.

घर तयार, माणसे कोठे?

पुण्यात पाषाण, बावधन भागांत ज्येष्ठांसाठीची गृहसंकुले उभी आहेत. अशा प्रकल्पांतील लिफ्ट, उतार, दरवाजांची रुंदी यांबाबत महारेराने २०२४ साली आदर्श मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ही प्रगती स्वागतार्ह आहे. पण मध्यरात्री रुग्णालयात संमतिपत्रावर सही कोण करणार, हा प्रश्न इमारतीच्या नियमांनी सुटत नाही. ज्या भावंडांच्या ओढीने परतायचे, तीही त्याच वयाची असतात. पुतणे-भाचे बंगळुरूत किंवा स्वतःच परदेशात असतात. वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची प्रक्रिया सोपी केली. परतणाऱ्या प्रत्येक दांपत्याने ते करून ठेवायला हवे. केवळ नामनिर्देशनावर विसंबणेही धोक्याचे आहे. नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही, हे समभागांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे दोन्ही देशांतील मालमत्तेसाठी एकमेकांशी विसंगत नसलेली मृत्युपत्रे आवश्यक ठरतात.

याचा अर्थ परतू नये, असा नाही. अमेरिकेतील उपनगरात मोटार चालवता न येणाऱ्या एकट्या वृद्धेचे आयुष्य सुखाचे असते, असेही नाही. हिमवर्षावात घरात कोंडून राहण्यापेक्षा कोथरूडच्या गॅलरीत बसून रस्ता न्याहाळणे अनेकींना अधिक मानवेल. दोन्हीकडे एकटेपण आहे, फक्त त्याचे स्वरूप निराळे आहे. म्हणूनच ‘आपण कोठे राहायचे’ यापेक्षा ‘आपल्यापैकी एकटे उरेल त्याने कोठे राहायचे’ हा प्रश्न दोघांनी आधी एकमेकांना विचारायला हवा. त्याचे उत्तर पती आणि पत्नी यांनी वेगवेगळे दिले, तर ते लपवून ठेवण्यात हित नाही. अमेरिकेतील घर लगेच न विकता एक पूर्ण वर्ष, उन्हाळा आणि पावसाळा धरून, भारतात राहून पाहणे, ग्रीनकार्डाचा आणि मेडिकेअरचा निर्णय लेखी हिशेब करूनच घेणे आणि बँकेचे व्यवहार दोघांनाही माहीत असणे, एवढी तयारी तरी हवीच. ती झाली, तर मागे राहणाऱ्याला निदान आपल्या मर्जीने राहता किंवा निघता येईल.