लोणीफळाचा मोह

अवोकॅडो, म्हणजेच बटर फ्रूट, आज शहरांच्या बाजारपेठेत चढ्या भावाने विकले जाते. तो भाव पाहून गोमंतकातील बागायतदाराला या झाडाचा मोह पडावा, हे स्वाभाविक आहे. झाड परदेशी म्हणून नाक मुरडण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. पोर्तुगीजांबरोबर आलेला काजू आज आपल्या डोंगरांचे वैभव आहे. आणि मेक्सिको व मध्य अमेरिकेतील हे झाड तर दालचिनीच्याच कुळातले. त्याचा लोण्यासारखा गर मीठ-लिंबू लावून खाता येतो, दुधात घुसळून पिता येतो. तेल स्वयंपाकात व प्रसाधनांत वापरले जाते.

प्रश्न आहे तो लागवड कोठे व कशी करावयाची, हा. या झाडाची मुळे उथळ असतात. पाणी साचले की फायटोफ्थोरा नावाचा रोग ती कुजवतो. गोव्याच्या पावसात सखल शेतात हे झाड लावणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. जातीची निवडही तितकीच महत्त्वाची. जगभर गाजलेली हास ही जात तुलनेने थंड हवेत रमते. किनाऱ्याच्या दमट उष्म्याला वेस्ट इंडियन वंशाच्या जाती अधिक मानवतात. शिवाय याचे फूल दोनदा उमलते, आधी स्त्रीरूपात, दुसऱ्या दिवशी पुरुषरूपात. आणि त्याच्या वेळा जातीनुसार बदलतात. म्हणून पूरक जातींची झाडे जवळ असल्यास फळधारणा सुधारते. याचा पाला गुरे-शेळ्यांना विषारी ठरतो, हेही विसरून चालणार नाही.

निचऱ्याची जमीन हवी म्हटल्यावर दृष्टी डोंगरउताराकडे वळणारच. खरा धोका तेथेच आहे. 1997 साली अमेरिकेची बाजारपेठ खुली झाल्यानंतर मेक्सिकोच्या मिचोआकान प्रांतात बागांसाठी पाइनची वने तोडली गेली. चिलीतील पेतोर्का खोऱ्यात बागा हिरव्या राहिल्या आणि गावांना टँकरचे पाणी प्यावे लागले.

कुळागराच्या कडेला, उंचवट्यावर चार झाडे जरूर लावावीत. त्यासाठी जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेने येथील मातीत पारखलेली, जातीची खात्री असलेली कलमे बागायतदारांच्या हाती द्यावीत, अशी आमची मागणी आहे. परंतु या एका फळासाठी डोंगर बोडके करण्यास मात्र आमचा ठाम विरोध राहील. उन्हाळ्यात आपल्या विहिरींना पाणी राहते ते त्याच डोंगरांमुळे. फळाच्या भावात त्या पाण्याची किंमत कोणी धरलेली नाही.