दप्तर आपले, वाडा सावकाराचा

संगणकाची आज्ञावली शेकडो हात मिळून लिहितात. कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली याची नोंद ठेवणारे आणि चूक झाल्यास मागील आवृत्ती परत देणारे जे दप्तर, त्यास आवृत्ती-नियंत्रण म्हणतात. हे दप्तर कोणाच्या घरी असावे, हा प्रश्न तांत्रिक ठरवून तंत्रज्ञांवर सोपविला जातो. वस्तुतः तो मालकीचा प्रश्न आहे.

इतिहास पाहा. २००२ साली लिनक्सच्या गाभ्याचे काम 'बिटकीपर' या फुकट मिळालेल्या, पण खाजगी मालकीच्या साधनावर नेण्यात आले. एप्रिल २००५ मध्ये मालकाने ती सवलत काढून घेतली. लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच महिन्यात 'गिट' लिहावयास घेतले. ते सर्वांसाठी मुक्त राहिले.

परंतु धडा अर्धाच शिकला गेला. अवजार मुक्त झाले आणि दप्तर मात्र आपण होऊन 'गिटहब'च्या वाड्यात नेऊन ठेवले. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने तो वाडा साडेसात अब्ज डॉलरांना घेण्याचा करार केला. हे मोल काय केवळ भिंतींचे होते? ते लक्षावधी लोकांनी तेथे आणून टाकलेल्या श्रमांचे होते. जुलै २०१९ मध्ये अमेरिकन निर्बंधांकडे बोट दाखवून इराण, सिरिया व क्रिमिया येथील लोकांच्या खाजगी दप्तरांना कुलूप लागले. इराणींचे कुलूप जानेवारी २०२१ मध्ये निघाले, तेही वॉशिंग्टनच्या परवान्याने!

यावर सांगितले जाते की, गिटमध्ये प्रत्येकाजवळ संपूर्ण प्रत असतेच, मग भय कसले? प्रत असते हे खरे. परंतु तक्रारी, चर्चा आणि कोणास आत घ्यावे याचा अधिकार मालकाजवळच राहतो. सातबारा दुसऱ्याच्या नावे असताना पीक आपले म्हणण्यात काय अर्थ?

पर्याय अवघड नाही. एक साधा, जुनासा संगणक घ्यावा, त्यावर लिनक्स व गिट बसवावे, 'एसएसएच'च्या किल्ल्या सभासदांस द्याव्यात. गिटबरोबरच येणाऱ्या 'गिटवेब'मुळे ते दप्तर ब्राउझरमधून कोणासही वाचता येते. चर्चा व तक्रारींची सोय हवी असल्यास 'फोर्जेयो' ही मुक्त आज्ञावली आहे. डेबियन, ग्नोम आणि केडीई यांनी आपापली दप्तरे स्वतः चालविलेल्या सर्व्हरवर ठेवली आहेत. बर्लिनचे 'कोडबर्ग' तर सभासदांच्या ना-नफा संस्थेचे आहे.

यास कष्ट पडतात, हे लपविण्याचे कारण नाही. रोज दुसऱ्या जागी प्रत काढावी लागते, सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर बसवाव्या लागतात, आणि हे जाणणारे निदान दोघे तरी हवेत. एकाच हाती किल्ली राहिली, तर सावकार बदलला एवढेच होईल.

ज्या संघटना, ग्रंथालये व सहकारी संस्था स्वतःच्या आज्ञावल्या लिहून घेतात, त्यांनी हे काम आता हाती घ्यावे. एकट्यास न पेलणारा सर्व्हर पाच संस्थांना मिळून सहज पेलेल. श्रम आपले असतील, तर त्यांच्या नोंदीची किल्लीही आपल्याच हाती असली पाहिजे.